रेघेखालचं नाव

१

सेलूच्या मोंढ्यात बन्सीधर वालूरकरांचं दुकान कुणीही डोळे मिटून दाखवील. सुतळीची बंडलं, कासरे, दावी, ताडपत्र्या, पोती शिवायचे दाभण. दारात क्षणभर उभं राहिलं तरी तागाचा वास नाकात बसतो तो घरी गेल्यावरही जात नाही. सकाळी आठला शटर वर, दुपारी एकला अर्ध्यावर, तीनला परत वर. चाळीस वर्षं हेच. अर्धं शटर बघून नवख्याला वाटायचं, शेठ झोपले. जुन्या गिऱ्हाइकाला माहीत असायचं, की शेठ मागच्या खोलीत मेलेल्या माणसांची अक्षरं वाचायलेत.

शिक्षण सातवी. पण मोडी चुलत्यानं शिकवलेली आणि उर्दू एका म्हाताऱ्या अत्तारानं, तीही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला लावून. निजामाच्या राज्यातले कागद नेमके याच दोन लिप्यांत अडकलेले. जातीच्या दाखल्यांसाठी जो तो पणजोबा हुडकायला लागला तशी शेठकडं रीघ लागली. चुडाव्याचा रामकिशन एकदा पिशवीत फडकं आणि फडक्यात कागद घेऊन आला. चाळीस एकरांची सनद म्हणून तो कागद तीन पिढ्या देव्हाऱ्यात ठेवलेला. शेठनी भिंग लावलं आणि हसू दाबत म्हणाले, "रामकिशन, ही सनद न्हाई. तुझ्या पणज्याच्या शेळ्यांनी पाटलाची तूर खाल्ली, त्याची फिर्याद हाय."

"जमीन न्हाई म्हणता?"

"शेळ्या हायत. सात."

रामकिशननं डोकं खाजवलं. "असू द्या. पणज्याचं नाव तर हाय न्हवं? तेवढं उतरून द्या, शेठ."

असे किस्से शेठ रंगवून सांगत. पण गेले आठ महिने त्या दोन तासांत ते भलत्याच कुणाचे पूर्वज वाचत होते, आणि तो किस्सा त्यांनी मोंढ्यात कुणाला सांगितला नव्हता. ते पूर्वज होते जावयाचे. जावई कॅनडातल्या माँट्रियलचा, फ्रेंच बोलणारा, एतियेन नावाचा. ज्या मुलीमुळे तो जावई झाला ती दीपिका, शेठची एकुलती एक, दोन वर्षांपूर्वी तिकडंच वारली होती.

लग्नाला शेठ गेले नाहीत. पुढं नऊ वर्षं बोलले नाहीत. दिवाळीला फोन वाजायचा, पलीकडून "बाबा" ऐकू आलं की शेठ तोंडातून शब्द न काढता फोन बायकोच्या, पार्वतीबाईंच्या हातात द्यायचे. मग तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. तीन दिवस दवाखान्यात होती. एतियेननं बोलावणं धाडलं, तर शेठकडं पासपोर्टच नव्हता. पोरीकडं जायचंच नव्हतं तर काढायचा कशाला?

आणि याहून वाईट एक गोष्ट होती. घराण्याची वंशावळ राखणारा भाट, तात्याराव, तीन-चार वर्षांनी सुगी झाली की यायचा, वही वाचून दाखवायचा, नवी नावं लिहायचा. भाट मुलींची नावं लिहीत नाहीत. दीपिकाचं नाव शेठनी हट्टानं लिहवून घेतलं होतं, वर मोंढाभर पेढे वाटले होते. तिनं लग्न केलं त्या वर्षी त्यांनीच तात्यारावाला सांगितलं, "ते नाव कापा." कापलं.

आता शेठना एकच गोष्ट कळायला हवी होती. पोरीनं आपल्याला बाप म्हणून ठेवलं, की तिनंही कापलं?

२

एतियेनचे निरोप फोनमधून मराठी होऊन यायचे. "आदरणीय सासरे वडील, मला आशा आहे की तुम्ही आरोग्यात आहात. येथे बर्फ पडणे चालू आहे."

"पंचांग वाचल्यावानी बोलतंय पोरगं," पार्वतीबाई म्हणायच्या आणि पदरानं डोळे टिपायच्या.

त्याचं आडनाव बोसोलेय. म्हणजे छान ऊन. साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सातून जे शिपाई तिकडं वसाहत करायला गेले, त्यांना एकेक जोडनाव मिळालं, आणि पुढं मूळ आडनाव गळून जोडनावच उरलं, असं त्यानं कळवलं होतं. शेठना ते लगेच पटलं. आपलंही तसंच. वालूरहून उठून आलो म्हणून वालूरकर. त्याआधी कोण होतो ते भाटाच्या वहीला ठाऊक.

एतियेन आणि दीपिका दोघं मिळून त्याची पिढीजात नावं शोधत होते. नदीकाठच्या एका गावच्या चर्चची दप्तरं होती: कोण जन्मलं, कुणाचं लग्न, कुणाला पुरलं. दीपिका जन्मायच्या कितीतरी आधी कुणीतरी त्या पानांचे फोटो काढून ठेवले होते. अक्षर मात्र घाम काढणारं. "दीपिका ते वाचत असे," एतियेननं लिहिलं. "ती म्हणत असे की तिचे वडील कोणत्याही मृत माणसाचे हस्ताक्षर वाचतात आणि तिने ते त्यांच्या दुकानात शिकले. तिच्यानंतर मी एकटा वाचू शकत नाही. तुम्ही मदत कराल काय?"

तो निरोप शेठनी दिवसभर वाचला.

मग त्यांनी मोठ्या पडद्याचा टॅब घेतला आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता मांडला. भाषा येत नव्हती, पण सरकारी कागद आणि देवाच्या घरचा कागद यांची चाल एकच. आधी तारीख, मग लेकराचं नाव, मग 'अमक्याचा मुलगा' किंवा 'अमक्याची मुलगी', मग लेकराला हातावर घेऊन उभे राहणारे धर्मबाप आणि धर्मआई, शेवटी सह्या. सही न येणाऱ्यांची फुली. दोन महिन्यांत शेठ 'अमक्याची मुलगी' हे शब्द लांबून ओळखायला लागले. एतियेनच्या घराण्यातली हरवलेली चार माणसं त्यांनी सापडवून दिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा दोघांना एकमेकांशी बोलायला काहीतरी होतं.

चैत्रातली दुपार होती. वीज गेलेली. सतराशे दोन सालचं एक पान शेठनी उघडलं. खाली फुल्याच फुल्या, आणि धर्मआईच्या जागी एक सही.

सहीच्या वर रेघ होती.

मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग तिला अक्षरं टांगतो. फ्रेंच लिहिणाऱ्याला रेघेचं काम नाही. आठ महिन्यांत शेठनी तशी एक रेघ पाहिली नव्हती. ही होती, आणि तिला सहा अक्षरं टांगलेली होती, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. डी. आय. पी. आय. सी. ए.

शेठ हसले. डोळ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं नव्हतं. चष्मा पुसला, पाणी प्यायले, टॅब बंद करून चालू केला. मग आत हाक मारली. पार्वतीबाईंना ही अक्षरं वाचता येत नव्हती. त्या टॅबवर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"दीपीची सही हाय ही."

"येडी का काय तू. साल बघ, सतराशे दोन."

"साल कशाला दाखवता मला? माझ्या पोरीचं वळण मला वळकू येत न्हाई व्हय?"

३

दुसऱ्या दिवशी त्याच पानावर त्याच जागी फुली होती. साधी फुली, इतरांसारखी.

शेठनी स्वतःला समजावलं, की बायकोचं दुःख आपल्या डोळ्यांत उतरलं असणार. बाजारात भाव पडले की सगळ्यांना एकदम ताप येतो, तसं. पण आठवड्यानं सोळाशे चौऱ्याण्णवच्या पानावर ती रेघ पुन्हा दिसली. मग तीही फुली झाली, आणि रेघ एकोणनव्वदला गेली. प्रत्येक वेळी ती धर्मआई. प्रत्येक वेळी हातावर कुणाचं तरी तान्हं. दीपिकाला स्वतःचं मूल नव्हतं. दुसऱ्यांची लेकरं उचलून उचलून ती मागं मागं चालली होती.

पान मोठं केलं की खोलीत एक आवाज यायचा. बोरू कोरड्या कागदावर ओढल्यासारखा, बारीक. शेठना वाटलं, तागाच्या बंडलांत उंदीर झाले. सापळे लावले. चार दिवस भज्यांचे तुकडे तसेच राहिले.

वर मजकुरात पाद्र्यानं तिच्याबद्दल 'अमक्याची मुलगी' असंही लिहिलेलं असायचं. त्यापुढचा शब्द, म्हणजे बापाचं नाव, मात्र शाई सांडल्यासारखा पुसट. भिंग लावलं, पडदा उजळ केला, लागला नाही. चौऱ्याण्णवला नाही, एकोणनव्वदला नाही. शेवटी शेठनी एतियेनला दोन प्रश्न पाठवले: ही सही तुला दिसते का, आणि ही दप्तरं किती मागं जातात?

"मला फक्त फुली दिसते," उत्तर आलं. "सर्वात जुने पान सोळाशे एकोणऐंशीचे आहे. त्याआधीचे पुस्तक आगीत गेले. त्यापूर्वी काहीही नाही. सासरे वडील, कृपया विश्रांती घ्या."

काहीही नाही. म्हणजे आता दहा वर्षांची पानं राहिली होती, आणि दीपिका तेवढीच मागं चालणार होती.

त्या दिवशी जेवताना शेठनी विचारलं, "भाटाकडून कापलं ते तिला कळलं होतं?"

पार्वतीबाईंनी भाकरी मोडायची थांबवली. "मी सांगितलं होतं."

"काय म्हणली?"

"हसली. म्हणली, आई, नाव काय एकाच घरी राहतंय व्हय? मी इकडं लावून घेते." परत भाकरी मोडत त्या म्हणाल्या, "हसली तसं वाटलं मला. फोनवर काय कळतंय."

४

शेठनी बोलावलं म्हणून तात्याराव सकाळच्या गाडीनं आला. ऐंशीच्या घरातला माणूस, डोक्याला फेटा, काखेत लाल कापडात बांधलेली वही. शेठनी दीपिकाचं नाव परत लिहायला सांगितलं तेव्हा तो मान हलवून म्हणाला, "लिहू की. कापलेल्याच्या शेजारी लिहायचं, खूण तशीच राहू द्यायची. माणूस रुसून जातंय, माघारी येतंय. वहीला सगळं बघायची सवय हाय, शेठ."

"पण माघारी येणारं जित्तं असावं लागतंय ना?"

"त्ये मला न्हाई ठाऊक. मी नावं लिवतो. जित्ती का मेली, त्ये दुसरं कुणी लिवतंय."

त्यानं वही उघडली. बोट ओळीवरून चालू लागलं. वालूरहून उठून आले ते, त्यांचे मुलगे, त्यांचे मुलगे. बन्सीधर. पत्नी पार्वती. तिथं बोट थांबलं, मागं गेलं, परत पुढं आलं. तात्यारावानं वही उचलून दाराच्या उजेडात धरली.

"काय झालं?" शेठ म्हणाले.

"खूण न्हाई."

"कापल्याची?"

"तांबड्या शाईनं कापलं होतं मी. माझा हात मलाच ठाऊक नसंल का? हितं कापलेलंबी न्हाई, खरवडलेलंबी न्हाई. तुमच्यापुढं लगेच चुलत्याची पोरं सुरू व्हायलेत. मधी बोटभर जागा न्हाई, शेठ. लिहू कुठं?"

शेठनी वाकून बघितलं. शाई जुनी, सलग, एका हातची. बन्सीधर, पत्नी पार्वती, आणि पुढं दुसऱ्यांचा संसार.

तात्यारावानं वही बांधली. गाठ मारताना खाली बघूनच विचारलं, "शेठ, वाईट वाटून घेऊ नका... पोर झाली होती ना तुमाला?"

"मला इचारा की," पार्वतीबाई दारातून म्हणाल्या. "वहीला काय इचारायलाव? नऊ महिने कुणी वाहिलं, वहीनं का?"

तात्यारावानं हात जोडले आणि चहा न पिता गेला. चाळीस वर्षांत तो या घरातून चहा न पिता कधी गेला नव्हता.

५

त्याच दुपारी शेठनी सोळाशे एकोणऐंशीचं पान उघडलं.

तीनच नोंदी होत्या. उरलेलं पान डागाळलेलं. तिसऱ्या नोंदीत धर्मबाप नव्हता, धर्मआई नव्हती, सह्या नव्हत्या. लेकराच्या नावाच्या जागी, रेघेला टांगलेली, ती सहा अक्षरं होती. त्यापुढं 'अमक्याची मुलगी'. आणि मग पानाच्या कडेपर्यंत ओढलेली लांब रेघ. त्या रेघेखाली, जिथं बापाचं नाव असतं नेमकं तिथं, एक बोट होतं.

बोट म्हणजे खरंच बोट. फोटो काढताना वही मिटू नये म्हणून कुणी ना कुणी पान दाबून धरतं, आणि कधी कधी तो अंगठा फोटोत येतो. शेठनी तसले पाच-सहा अंगठे आधी बघितले होते, सगळे जाडजूड, पुरुषी. हे बोट बारीक होतं. नखाच्या मुळाशी तिरपी खूण होती. दीपिका सात वर्षांची असताना याच खोलीत दाभण घुसून तीन टाके पडले होते, त्यांची.

शेठनी एतियेनला कळवलं, या पानाचा दुसरा फोटो हवा. उत्तर आलं, "दुसरे छायाचित्र नाही. मूळ पुस्तक आता कोणासाठीही उघडत नाहीत."

त्यांनी पार्वतीबाईंना दाखवलं. त्या टॅब मांडीवर घेऊन बसल्या, तान्ह्याला घेतात तसा जरा तिरपा. मग म्हणाल्या, "नखं वाढलेत हिची."

दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा बोट उजवीकडं सरकलेलं होतं. फार नाही, एका अक्षराइतकं. मोकळी झालेली जागा शेठनी भिंगानं पाहिली. वर रेघ होती. रेघेखाली नुसता कागद.

तिसऱ्या दिवशी आणखी एक अक्षर. रेघ, आणि कागद. नख खरंच वाढत होतं. आता ते बोटाच्या पुढं आलं होतं, कडेला माती धरल्यासारखं काळसर. पार्वतीबाई पडद्यावर हात फिरवत पुटपुटल्या, "कापायला कुणी सांगत न्हाई का गं तुला तिकडं."

शेठ हिशेबी माणूस. बोट आपण उघडलं की सरकतंय, हे त्यांच्या चौथ्या दिवशी ध्यानात आलं. सहाव्या दिवसापर्यंत पाच अक्षरांची जागा उघडी पडली आणि पाचही ठिकाणी काही टांगलेलं नव्हतं. कडेपर्यंत उरली तीन. तीन फ्रेंच अक्षरांत बन्सीधर मावत नाही. पण माणसाचं मन असं, की बोटाखाली काहीतरी असेल, जवळजवळ लिहिलं असेल, आखूड करून लिहिलं असेल, असं ते धरून बसतं. तिला लहानपणी घाई झाली की ती आखूड करून लिहायचीच.

सातव्या दिवशी शेठनी टॅब ताडपत्रीत गुंडाळला आणि वरच्या फळीवर, दोरांच्या मागं ठेवून दिला.

६

नऊ दिवस पार्वतीबाई रोज दीड वाजता मागच्या खोलीत येऊन बसायच्या. अर्ध्या शटरखालून रस्त्यावरचं ऊन आत यायचं, कुणाकुणाची पावलं दिसायची. वरच्या फळीवरून तो आवाज यायचा. बोरू ओढल्यासारखा, थांबून थांबून.

"दाखवा."

"आज नको."

"रोज आज नको. आवाज येतोय न्हवं तुमाला?"

"उंदीर हायत."

"उंदीर हायत तर उंदीर दाखवा."

शेठ म्हणाले, "ऐक. उघडलं की सरकतंय ते. अजून दोन-तीनदा उघडलं की संपलं. बोटबी जाईल, नावबी कळून जाईल."

"तुमाला नाव पायजे. मला बोट पायजे."

"म्हणून तर झाकून ठेवलंय ना!"

"झाकून ठेवलं म्हणून माणूस राहतंय व्हय?" पार्वतीबाईंचा आवाज चढला नाही. "नऊ वर्षं झाकूनच ठेवली होती की आपुन तिला. राहिली का?"

शेठ स्टुलावर चढले, दोर बाजूला सारले, गाठी सोडल्या. टॅब गरम लागला, कुणाच्या तरी मांडीवर असल्यासारखा.

पान उघडलं. नऊ दिवस उघडलं नव्हतं तरी बोट कडेला जाऊन पोचलं होतं. आता नखाचं टोक तेवढं उरलं होतं, वाढलेलं, किंचित वळलेलं. पार्वतीबाईंनी आपलं बोट त्या टोकाला लावलं आणि डोळे मिटून घेतले. आवाज आता फळीवरून येत नव्हता. जवळून येत होता.

"जागा मोकळी झाली असंल ना," त्या म्हणाल्या. "वाचा. काय लिवलंय बापाच्या ठिकाणी?"

शेठनी भिंग उचललं. रेघ होती. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सरळ, न थरथरता ओढलेली, जशी त्यांनी तिचा हात धरून शंभरदा ओढायला लावली होती. खाली कागद होता. एके ठिकाणी कसरीनं खाल्लेलं भोक होतं. बाकी आठही अक्षरांच्या जागी कागदच.

"माझं नाव हाय," शेठ म्हणाले.

"सगळं?"

"सगळं. बन्सीधर."

"मग मनात काय वाचायलाव? मोठ्यानं वाचा. तिला ऐकू येऊ द्या, बापानं वाचलं म्हणून."

शेठनी घसा साफ केला. मोंढ्यात लोकांचे कागद वाचताना लावत तसाच आवाज लावला आणि कोऱ्या जागेवर भिंग ठेवून, एकेक अक्षर सावकाश सुटं करत, त्यांनी आपलं नाव वाचलं. बं. सी. ध. र.

बोरूचा आवाज थांबला.

कडेला नख नव्हतं. पार्वतीबाईंचं एकटं बोट पडद्यावर टेकलेलं होतं. आणि रेघ उजव्या टोकाकडून, कुणीतरी दोरा ओढून घ्यावा तशी, आखूड व्हायला लागली होती.

"हाय का अजून?" पार्वतीबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"हाय," शेठ म्हणाले.